आयोवातली ८० एकर जमीन आणि सरकारी अनुदान: पैसे कोणाला, किती आणि कसे

प्रश्न असा आहे: नवरा-बायको दोघेही आयटीत, राहायला डेस मॉइनजवळ. मध्य आयोवातल्या एका ग्रामीण काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ८० एकर शेतजमीन घ्यायचा विचार आहे. शेजारचा शेतकरीच ती कसणार. अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला भरपूर पैसे देतं असं सगळे सांगतात. ते पैसे आपल्याला मिळतील का, किती मिळतील आणि त्यासाठी काय करावं लागेल?

सरळ उत्तर आधी देतो. जमीन रोख खंडाने दिलीत तर पिकांवरच्या मुख्य अनुदानातला एक डॉलरही तुमच्या नावावर येणार नाही, तो कसणाऱ्याचा. वाट्याने दिलीत तर पिकात जेवढा वाटा तेवढाच अनुदानात. आणि तो मिळाला तरी ८० एकरांवर काही वर्षं शून्य, काही वर्षं हजार ते तीन हजार डॉलर, असाच हिशेब बसतो. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या २०२४च्या पाहणीत राज्यातल्या शेतजमिनीचा सरासरी दर एकरी ११,४६७ डॉलर होता, म्हणजे ८० एकरांचे नऊ लाख डॉलरच्या वर. एवढ्या मोठ्या खरेदीचं गणित अनुदानाच्या आशेवर मांडू नका.

आधी तुमचा स्वतःचा दर्जा तपासा

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. आयोवात धंदा कोणी विचारत नाही, पण नागरिकत्व विचारतात. अमेरिकेचं नागरिकत्व नाही आणि ग्रीन कार्डही नाही, अशा व्यक्तीला आयोवाच्या कायद्याने शेतजमीन विकत घेण्यास बंदी आहे. वारसाहक्कासारखे अपवाद मोजकेच. म्हणजे दोघेही एच-१बीवर असाल तर पुढचं वाचण्याआधी वकील गाठा. एक नागरिक आणि दुसरा एच-१बीवर असेल तर खरेदीखतावर कोणाचं नाव घालायचं हे टोकनाचे पैसे देण्याआधी ठरवा, नंतर नाही.

काही राज्यांत व्हिसावरच्या माणसाला जमीन घेता येते. पण तिथेही १९७८च्या केंद्रीय कायद्यानुसार व्यवहारानंतर ९० दिवसांत परदेशी मालकीची माहिती देणारा एफएसए-१५३ हा फॉर्म भरावा लागतो. तो राहिला तर दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या ओळखीपाळखीतले लोक इलिनॉय-इंडियानात जमिनी घेतात, तेव्हा दलाल हे सांगेलच असं नाही. शिवाय नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याला अनुदान हवं असेल तर जमीन आणि भांडवल पुरवून भागत नाही, शेतात स्वतः राबावंही लागतं: वर्षाला १,००० तास, किंवा त्याच्या वाट्याएवढ्या शेतीला लागणाऱ्या श्रमाच्या निम्मे, यांतलं जे कमी असेल ते. नोकरी करून हे होत नाही.

काउंटी कार्यालय आणि त्याचं दप्तर

पैसे वाटण्याचं काम केंद्रीय शेती खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडे, म्हणजे एफएसएकडे असतं. देशभर तिची दोन हजारांहून अधिक काउंटी कार्यालयं आहेत. बहुतेक ठिकाणी त्याच इमारतीत माती-पाण्याचं खातं, एनआरसीएस, बसतं. कार्यालयावर एक काउंटी कमिटी असते. स्थानिक शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडून दिलेले तीन ते अकरा सदस्य, मुदत तीन वर्षं. ही पद्धत १९३०च्या दशकापासून चालत आली आहे. नियम वॉशिंग्टनचे असले तरी तुमच्या प्रकरणातला पहिला वादाचा निर्णय हीच मंडळी देतात. पैसा येतो कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनच्या खात्यातून, ही संस्था १९३३ सालची.

खरेदीखत काउंटी रेकॉर्डरकडे नोंदलं की मालकी तुमची झाली, पण एफएसएच्या दप्तरात फेरफार आपोआप होत नाही. नोंदलेल्या खताची प्रत तुम्हीच नेऊन द्यायची. ती दिली नाही तर त्यांच्या लेखी जुना मालकच मालक राहतो आणि पत्रंही त्यालाच जातात.

त्यांच्या दप्तरात प्रत्येक शेताला फार्म नंबर असतो, त्याखाली ट्रॅक्ट, त्याखाली एकेका तुकड्याचा क्रमांक. तुमच्या कामाचा कागद एफएसए-१५६ईझी. जमिनीचा एफएसएचा उताराच म्हणा ना. त्यावर एकूण क्षेत्र, लागवडीचं क्षेत्र, पीकवार बेस एकर (म्हणजे काय ते पुढे येईल), प्रत्येक पिकाचं पीएलसी उत्पादन (अनुदानाच्या हिशेबाला धरायचं एकरी उत्पादन) आणि जमीन धुपीला बळी पडणारी किंवा पाणथळ आहे का याच्या नोंदी असतात. हा कागद विकत घेण्याआधी पाहायचा. कार्यालय तो तुम्हाला देणार नाही, कारण २००८च्या शेती कायद्याने शेतकऱ्याने दिलेली माहिती तिसऱ्या माणसाला देण्यास मनाई आहे. तो विक्रेत्याकडून मागा. द्यायला तो का-कू करत असेल तर खोलात जाऊन कारण शोधा.

बेस एकर: सगळ्या घोटाळ्याचं मूळ

नवख्या माणसाला वाटतं, यंदा मका लावला म्हणून मक्याचं अनुदान मिळतं. तसं नाही. मुख्य अनुदान बेस एकरांवर मिळतं, आणि बेस एकर म्हणजे जुन्या लागवडीवरून कागदावर ठरलेलं क्षेत्र. २००२च्या कायद्यात १९९८ ते २००१ची लागवड धरून ते बदलायची मुभा होती. २०१४मध्ये २००९ ते २०१२च्या लागवडीनुसार पिकांत फेरवाटप करता आलं. ज्यांनी केलं त्यांचं झालं, ज्यांनी केलं नाही त्यांचं जुनंच राहिलं. त्यामुळे बांधाला बांध लागून असलेल्या, एकाच प्रतीच्या दोन शेतांचे बेस वेगळे निघतात. जुलै २०२५च्या कायद्याने देशभरात मिळून तीन कोटी एकरांपर्यंत नवे बेस द्यायची तरतूद केली आहे. तुमच्या जमिनीला त्यातलं काही मिळालं का, हेही उताऱ्यावर बघा.

समजा तुमच्या ८० एकरांत लागवडीखाली ७७ एकर आहेत आणि बेस आहे मक्याचा ४० एकर, सोयाबीनचा ३०. कसणाऱ्याने यंदा सगळीकडे सोयाबीन पेरलं तरी मक्याच्या अनुदानाचा हिशेब ४० एकरांवरच होणार. उरलेल्या ७ एकरांना बेस नाही, तिथे काही पिकवलं तरी या योजनेतून शून्य. फळं-भाजीपाला एका मर्यादेपलीकडे लावला तर मात्र रक्कम कापली जाते. आणि एखाद्या शेताचा एकूण बेसच १० एकर किंवा कमी असेल तर सर्वसाधारणपणे पैसेच मिळत नाहीत. नव्याने शेतीत आलेले, माजी सैनिक आणि अल्प साधनांचे शेतकरी यांना त्यातून सूट आहे.

८० एकर एखाद्या मोठ्या फार्म नंबरमधून तोडून विकली जात असेल तर बेसही वाटावा लागतो. काहीच ठरवलं नाही तर तो लागवडीच्या क्षेत्राच्या प्रमाणात विभागला जातो. विक्रेत्याला चांगला बेस स्वतःकडे ठेवायचा असतो, म्हणून हे खरेदीच्या करारातच लेखी आणा. व्यवहार झाल्यावर त्याची सही मिळवणं जड जातं.

रक्कम निघते कशी

प्रत्येक पिकासाठी दोनपैकी एक पर्याय निवडायचा असतो. पीएलसी (प्राइस लॉस कव्हरेज) भावावर चालते, एआरसी-काउंटी (ॲग्रिकल्चर रिस्क कव्हरेज) उत्पन्नावर. पूर्ण शेताचा एक तिसरा पर्यायही आहे, आयोवात फार कोणी त्याच्या वाटेला जात नाही.

पीएलसीत कायद्याने एक आधारभाव ठरवलेला आहे. २०१८च्या कायद्यात मक्याला बुशेलला ३.७० डॉलर, सोयाबीनला ८.४० आणि गव्हाला ५.५० होता. २०२५च्या पिकापासून तो अनुक्रमे ४.१०, १०.०० आणि ६.३५ झाला. मागच्या पाच वर्षांत बाजार चढा असेल तर हा भाव ११५ टक्क्यांपर्यंत वर सरकतो. मक्याचं बुशेल ५६ पौंडांचं, म्हणजे साधारण २५.४ किलो. वर्षभराचा देशाचा सरासरी बाजारभाव आधारभावाखाली गेला तर फरक मिळतो. तुम्ही स्वतः काय भावाने विकलं याच्याशी त्याचा संबंध नाही.

हिशेबाला आकडे गृहीत धरू. आधारभाव ४.१०, सरासरी बाजारभाव ३.९०, फरक २० सेंट. उताऱ्यावरचं पीएलसी उत्पादन एकरी १६० बुशेल, म्हणून एकरी ३२ डॉलर. पैसे बेसच्या ८५ टक्क्यांवरच मिळतात, म्हणजे ४० एकरांपैकी ३४ एकरांवर: १,०८८ डॉलर. त्यातून केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातल्या सक्तीच्या खर्चकपातीचे ५.७ टक्के गेले की हातात १,०२६. यातलं १६० हे उत्पादनही जुन्या नोंदींवरून आलेलं. शेत आज २०० बुशेल देत असेल तरी हिशेब १६०चाच.

एआरसी-काउंटीत तुमच्या शेताऐवजी पूर्ण काउंटी तोलली जाते. मागच्या पाच वर्षांतलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वगळून काउंटीचं सरासरी उत्पादन काढतात, भावाचंही तसंच. समजा १८० बुशेल आणि ५ डॉलर, गुणाकार ९००. २०२५पासून हमी त्याच्या ९० टक्क्यांची (आधी ८६ होती), म्हणजे ८१०. त्या वर्षी काउंटीत १७० बुशेल पिकले आणि भाव ४.२० राहिला तर प्रत्यक्ष ७१४. तूट ९६ डॉलर. कमाल मर्यादा ९००च्या १२ टक्के, म्हणजे १०८, तेव्हा ९६ पूर्ण मिळतील. ३४ एकरांचे ३,२६४, कपातीनंतर ३,०७८.

इथेच लोकांचा सर्वांत जास्त रोष होतो. गारपिटीने एकट्या तुमच्या शेतातला मका झोपला आणि बाकी काउंटीत भरघोस पिकलं, तर एआरसीतून काहीच येत नाही. त्या नुकसानीसाठी पीकविमा. उलट शेजारच्या काउंटीत रस्त्यापलीकडच्या शेताला पैसे आले आणि तुम्हाला नाही, हेही दरवर्षी घडतं. जमीन ज्या काउंटीत आहे तिचाच आकडा लागतो, फाइल दुसऱ्या काउंटीच्या कार्यालयात असली तरी.

निवड आणि नोंदणीची मुदत साधारणपणे १५ मार्चच्या आसपास असते, पण कायदा बदलला की ती सरकते, दरवर्षी विचारून घ्या. निवडीला शेतावरच्या सगळ्या वाटेकऱ्यांचं एकमत लागतं. २०२५च्या पिकाला तेवढी सवलत आहे, दोन्हींपैकी जे जास्त ते आपोआप मिळणार.

पैशांना उशीर लागतो. मक्या-सोयाबीनचं बाजारवर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. २०२५च्या शरदात काढलेल्या मक्याचं बाजारवर्ष ऑगस्ट २०२६ला संपतं आणि पैसे ऑक्टोबर २०२६नंतर येतात. म्हणजे पेरणी ते पैसे असं जवळपास दीड वर्ष. बँकेचा हप्ता या रकमेवर टाकू नका.

रोख खंड की वाटा

नियम साधा आहे: पिकाची जोखीम ज्याच्या डोक्यावर, पैसे त्याला. ठरलेली रोख रक्कम घेणाऱ्या मालकाला पीक गेलं तरी खंड मिळतोच, म्हणून अनुदान पूर्ण कसणाऱ्याचं. निम्म्या वाट्याने दिलं, निम्मा खर्च उचलला आणि निम्मं धान्य घेतलं, तर अनुदानही निम्मं. जमीन देऊन पिकात वाटा घेणारा मालक शेतीत सक्रिय मानला जातो, त्याला ट्रॅक्टर चालवावा लागत नाही.

मधला प्रकार फसवा आहे. ‘किमान एवढी रक्कम, किंवा पिकाच्या पैशाचा अमुक टक्के, जे जास्त ते’ असा करार आजकाल बरेच जण करतात. एफएसए त्याला वाट्याचा करार मानते. मग अनुदानही वाटून घ्यावं लागतं, आणि कसणाऱ्याने आधीच १०० टक्के स्वतःच्या नावे लिहून दिलं असेल तर दोघंही अडचणीत. करार लिहिला की सहीआधी कार्यालयात दाखवा.

तुमच्यासारख्यांना माझं मत रोख खंडाच्या बाजूने. आयोवा स्टेटच्या २०२५च्या पाहणीत राज्याचा सरासरी खंड एकरी २७४ डॉलर होता. ७७ एकरांचे वीस हजारांवर डॉलर, तेही जोखीम न घेता. अनुदान कसणाऱ्याला जातं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. जमिनीसाठी बोली लावताना तो ते धरूनच खंड सांगतो. वाट्याने दिलंत तर बियाणं, खत, साठवण, विक्री या सगळ्यांत पडावं लागेल, आणि हजार डॉलरच्या अनुदानासाठी ते करू नये.

वाट्याने द्यायचंच असेल तर कागद

प्रत्येकाने स्वतःचे द्यायचे: ओळख-पत्त्याचा एडी-२०४७, बँक खात्याचा एसएफ-३८८१, शेतीत कोण काय पुरवतं हे सांगणारा सीसीसी-९०२, उत्पन्नाचा सीसीसी-९४१ आणि धूप-पाणथळीच्या अटी पाळतो असं लिहून देणारा एडी-१०२६. एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावाने जमीन घेतली तर सदस्यांची यादी सीसीसी-९०१वर, आणि ९४१ एलएलसीचा वेगळा, प्रत्येक सदस्याचा वेगळा. एका सदस्याचा राहिला की त्याच्या हिश्शाचे पैसे अडतात. त्यानंतर दरवर्षीची नोंदणी सीसीसी-८६१वर.

उत्पन्नाची मर्यादा तीन वर्षांच्या सरासरीने माणशी ९ लाख डॉलर. २०२५साठी २०२१, २०२२ आणि २०२३ ही करवर्षं धरतात. पैशांची मर्यादा २०२५पासून माणशी १,५५,००० डॉलर. ८० एकरांवर तिच्या आसपासही कोणी पोचत नाही.

दरवर्षीची पीकपाहणी म्हणजे एफएसए-५७८. मका-सोयाबीनसाठी मुदत १५ जुलै. नकाशावर तुकडावार पीक, एकर, पेरणीची तारीख आणि कोणाचा किती वाटा. हे काम बहुधा कसणाराच करतो, पण वाट्याचे आकडे तुमच्या कराराशी आणि विमा एजंटला दिलेल्या पाहणीशी जुळतात का ते तुम्ही बघा. तिथे ५०-५० आणि इथे १००-० लिहिलेलं निघालं की दोन्हीकडचे पैसे थांबतात. मुदत चुकली तर फी भरून, शेतात पिकाचा पुरावा दाखवून उशिरा नोंद करता येते. पीक काढून नांगरट झाल्यावर दाखवणार काय?

सर्वांत महाग पडणारी चूक: निचरा

मध्य आयोवाची जमीन सपाट, काळी आणि मुळात पाणथळ. जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांमुळेच, ज्यांना इथे टाइल म्हणतात, ती पिकाऊ झाली. नवीन मालक शेतातला पाणी साचणारा खड्डा बघतो, टाइलवाल्याला बोलावतो आणि दोन दिवसांत निचरा करून टाकतो. तो खड्डा एनआरसीएसच्या नोंदीत पाणथळ असेल तर १९८५च्या कायद्यातला नियम लागतो. २८ नोव्हेंबर १९९०नंतर पीक घेण्याजोगी केलेली पाणथळ पूर्ववत करेपर्यंत अनुदान बंद, आणि तेही फक्त त्या तुकड्यावरचं नाही, त्या माणसाचं सगळ्या शेतांवरचं. कसणारा शेजारी आणखी हजार एकर कसत असेल तर तुमच्या दोन एकरांच्या खड्ड्यापायी त्याचं सगळं धोक्यात येतं. म्हणून नवी टाइल, झाडी तोडणं, ओढा सरळ करणं, यातलं काहीही करण्याआधी नवा एडी-१०२६ भरून एनआरसीएसचा लेखी निर्वाळा घ्या. त्याला महिने लागतात, तरी थांबा.

मालकाला थेट मिळणारा पैसा

न कसणाऱ्या मालकाला सरकारकडून सरळ पैसे देणारी मोठी योजना सीआरपी (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम), १९८५पासूनची. धुपणारी जमीन किंवा ओढ्याकाठची पट्टी १० ते १५ वर्षं पिकातून काढून गवत-झाडीखाली ठेवायची, सरकार दरवर्षी भाडं देतं. कमाल माणशी वर्षाला ५०,००० डॉलर. जमीन साधारणपणे वर्षभर तरी तुमच्या मालकीची हवी, आणि कसणाऱ्याला हुसकून नोंदणी करता येत नाही. चांगल्या काळ्या जमिनीत खंड जास्त मिळतो, पण ओढ्याकाठच्या चार-पाच एकरांना ही योजना खरोखर शोभते. मध्येच करार मोडला तर मिळालेले सगळे पैसे व्याजासकट परत, वर दंड. विकत घेताय त्या जमिनीवर आधीच सीआरपी असेल तर ६० दिवसांत करार आपल्या नावे करून घ्या.

बातम्यांत येणारे मोठाले आकडे बहुधा तात्पुरत्या मदतीचे असतात. व्यापारयुद्धाच्या काळात २०१९मध्ये काउंटीवार दर लावले होते, एकरी १५ ते १५० डॉलर. २०२५मध्ये २०२४च्या लागवडीवर मक्याला एकरी ४२.९१ आणि सोयाबीनला २९.७६ डॉलर दिले. हेही पिकात वाटा असणाऱ्यालाच.

मिळालेलं अनुदान करपात्र आहे. जानेवारीत १०९९-जी हा करफॉर्म येतो, तो कर सल्लागाराला न विसरता द्या.

पैसे नाकारल्याचं पत्र आलं तर तारीख बघा. ३० दिवसांच्या आत काउंटी कमिटीकडे फेरविचार किंवा अपील मागता येतं, मध्यस्थी घेता येते, त्यावर राज्य कमिटी आणि राष्ट्रीय अपील विभाग. पत्रात कोणता नियम लावला ते लिहिलेलं असतं, त्याच नियमाला धरून आणि करार, नकाशा, पावत्या जोडून उत्तर द्या. फोनवर झालेलं बोलणं अपिलात टिकत नाही, म्हणून कार्यालयात काही विचारलं तर त्याच दिवशी ते ईमेलने लिहून पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.